चोर आपल्याच पार्टीतला असेल तर

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गेम छान, माणसं आपलीच, पण एकजण सगळ्याचा विचका करतो. ज्यांची मुलं शनिवारी फासे घेऊन दार लावून बसतात आणि आत नेमकं काय चालतं ते ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेला. पटावरच्या लुटुपुटुच्या लढायांमधून तो निघाला. एकजण डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात (या पात्रांच्या टोळीला पार्टी म्हणतात), आणि पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. त्यामुळे एखाद्याने वात आणला तर त्याला बाद करायचीही सोय नाही.

प्रश्न : ताई, सहा खेळाडू आणि मी डीएम, असे आम्ही कोथरूडला एका मित्राच्या घरी दर शनिवारी खेळतो. अडचण आहे ती त्या मित्राचीच. त्याचं पात्र रोग, म्हणजे चोर. शत्रू राहिले बाजूला, तो आमच्याच लोकांच्या पिशव्या मारतो. क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण, खेळणाऱ्या मैत्रिणीचं देवाचं चिन्ह त्याने दोनदा लांबवलं. गावच्या पाटलाशी तहाची बोलणी चालू असताना पाटलाच्याच पोटात सुरा खुपसला. बोललं की म्हणतो, ‘माझं कॅरेक्टर असंच वागेल, केऑटिक न्यूट्रल आहे.’ मी त्याच्या अंगावर भुतं सोडून पाहिली, फरक नाही. घर त्याचं, थालीपीठ त्याच्या आईच्या हातचं, त्यामुळे तोंडावर बोलवत नाही. काय करू? (एक डीएम, कोथरूड)

उत्तर : आधी भुतांबद्दल. हा उपाय करणारे तुम्ही पहिले नाही. खुद्द गायगॅक्स यांनी १९७९च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये हेच सुचवलंय. त्रास देणाऱ्याच्या पात्रावर अचानक हल्ला करणारी ममी सोडा, आभाळातून त्याच्या डोक्यात निळी वीज घाला, नाहीतर त्याचा करिश्म्याचा एक गुण कायमचा कापा. मोठ्या माणसाचा मान राखून सांगते, मला हे कधी पटलं नाही. त्रास देतोय तुमचा मित्र आणि शिक्षा होतेय कागदावरच्या चोराला. मित्राला त्यातून एवढंच समजतं, की चोरी केली की डीएम बाकीच्या पाचजणांना सोडून माझ्याकडे बघतो. तुम्ही सोडलेली भुतं त्याला आवडली असणार.

टेबलावर करण्यासारखं वेगळंच आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. तो म्हणतो, ‘मी हिची पिशवी मारतो.’ तुम्ही सवयीने म्हणता, ‘स्लाइट ऑफ हँड टाक,’ म्हणजे हातचलाखीचा फासा. मग आकडा तिच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी, म्हणजे तिच्या पात्राच्या सावधपणाच्या आकड्याशी, ताडून बघता. पण फासा मागितलात तिथेच चोरीला तुमचा होकार गेला. पुढच्या वेळी फासा मागूच नका. क्लेरिकवाल्या मैत्रिणीकडे वळा आणि विचारा, ‘चालेल का तुला?’ ती सांगेल तो निकाल : चोरी झाली, हात पकडला गेला, किंवा असं काही घडलंच नाही. आमच्या पौड रोडच्या टेबलावर हाच रिवाज आहे. एका खेळाडूने दुसऱ्याच्या पात्राला काही केलं, तर पुढे काय झालं ते ज्याला केलं तो सांगतो. यातून मजा मरत नाही. आमच्या पॅलाडिनवाल्याने (पॅलाडिन म्हणजे व्रतस्थ योद्धा) एकदा स्वतःहून सांगितलं, ‘चोर रे, पण मला आत्ता कळू देऊ नकोस,’ आणि त्या एका अंगठीवर आमचे कितीतरी रविवार रंगले. फरक एवढाच, की त्याला आधी विचारलं होतं.

‘माझं कॅरेक्टर असंच वागेल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी ‘माझं कॅरेक्टर’ म्हटलं तरी माझे कान टवकारतात. अहो, कॅरेक्टर त्यानेच लिहिलंय ना? तेही पेन्सिलीने. केऑटिक न्यूट्रल म्हणजे लहरी, हे मान्य. पण लहरी माणसालाही रात्री जंगलात झोपताना पहाऱ्याला कुणीतरी लागतं. त्याला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, लिहून घ्या : बाकीचे पाचजण या माणसाला बरोबर घेऊन का हिंडतात? ‘क्लेरिकच्या गुरूने माझा जीव वाचवला होता’ असं काही त्याने लिहिलं, तर चोराला चोर राहूनही पार्टीत जागा मिळते. काहीच सुचत नसेल तर ते पात्र या गोष्टीतलं नाही. त्याला गावात सोडून द्यावं आणि नवं करावं.

आता तुमच्या बाजूचा एक हिशेब. तुम्ही सहाजण. गोष्टीत लढाईचा एक राउंड सहा सेकंदांचा, पण टेबलावर प्रत्येकजण तीन मिनिटं घेतो. म्हणजे आपली पाळी झाली की पंधरा मिनिटं माशा मारत बसायचं. वर पाटलाशी बोलणी. त्यात बोलणार बार्ड, म्हणजे गाणारा-बोलणारा भाट, फार तर पॅलाडिन. चोराने काय करायचं? ग्लेन ब्लॅको नावाच्या लेखकाने १९८०मध्येच लिहून ठेवलंय, की एकाच टेबलावर बसलेली माणसं वेगवेगळ्या गोष्टींसाठी आलेली असतात. कुणाला डावपेच हवे असतात, कुणाला ताकद, कुणाला गोष्ट, कुणाला पात्रात शिरायचं असतं. तुमच्या मित्राला काहीतरी घडायला हवंय, आणि घडत नसलं की तो घडवतो. पाटलाच्या सदरेवर बोलणी चालू असताना त्याला मागच्या माडीवर पाठवा. तिथे कुलूपबंद पेटी ठेवा, पेटीत पाटलाने दोन्ही पक्षांकडून पैसे खाल्ल्याचा कागद ठेवा. दोन मिनिटं सदर, एक मिनिट माडी, असं आलटून पालटून चालवा. इनिशिएटिव्हचा, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांचा, क्रम लिहायचं काम त्याला द्या, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही तो जागा राहील. दोन-तीन शनिवारांत फरक पडला तर ते कंटाळ्याचं दुखणं होतं.

पेटी समोर असतानाही तो क्लेरिकच्याच पिशवीत हात घालत असेल, तर त्याला तिची चिडचिड आवडतेय. मग बोलावंच लागेल. त्याच्या घरी नको, शनिवारी नको, आणि पाचजणांनी घेरून तर मुळीच नको. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींना मी प्रॉम्प्टिंगला बसायचे. दुसऱ्याच्या वाक्यावर हशा घेणाऱ्या नटाला दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर झापलं, की तो दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा. चहाला बाजूला नेऊन सांगितलं की बहुतेकदा ऐकायचा. तुम्ही त्याला सकाळी वेताळ टेकडीवर न्या. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड बोलणं निभतं. ‘सगळे म्हणतात’ हे शब्द काढू नका. तुम्ही पाहिलं तेवढंच सांगा : ‘चिन्ह दुसऱ्यांदा गेलं त्यानंतर ती रात्रभर एक शब्द बोलली नाही. मला ते आवडलं नाही. हे बंद व्हायला हवं.’ एवढं म्हणून गप्प राहा, त्याला बोलू द्या. आणि टेकडीवर जाण्याआधी एखादा शनिवार दुसऱ्या कुणाकडे जमवा, निमित्त काहीही सांगा. घर त्याचं असल्याचं ओझं उतरलं की तुमचा आवाज आपोआप सरळ होईल. काकूंना थालीपिठाबद्दल एकदा स्वतंत्रपणे थँक यू म्हणा, ते या भांडणात ओढू नका.

इतकं करूनही जमलं नाही, तर कॅम्पेन, म्हणजे ही चालू गोष्ट, थांबवा आणि का थांबवताय ते त्याला स्वतः सांगा. त्याला वगळून गुपचूप नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा मोह होईल. काढू नका. कोथरूड एवढंसं आहे, गुरुवारपर्यंत त्याला कळलेलं असेल. मग गेमबरोबर मैत्रीही जाईल.

प्रश्न : आमच्यात मित्राचे बाबा खेळतात. रिटायर्ड आहेत, वेळ भरपूर, नियमांचं पुस्तक पाठ. प्रत्येक लढाईत थांबवतात. औषध प्यायला पूर्ण ॲक्शन (पाळीतलं मुख्य काम) लागते की बोनस ॲक्शन (जोडीचं छोटं काम), यावर परवा अर्धा तास गेला. नॅचरल ट्वेंटी, म्हणजे फाशावर थेट वीस, पडला तरी म्हणाले, ‘हे ऑटोमॅटिक यश नाही.’ वयाने मोठे, काय बोलणार? (एक वैतागलेला विझार्ड, सहकारनगर)

उत्तर : बाळा, काका बरोबर आहेत. हल्ल्याच्या फाशावर वीस पडले तर घाव बसतोच, पण भिंत चढणं किंवा दरबारात थाप मारणं अशा कामांत पुस्तकाप्रमाणे वीसला तसा मान नाही. औषधाच्या वादात तर दोन्ही बाजू खऱ्या असणार. २०१४च्या पुस्तकात औषध पिण्यात तुमची ॲक्शन जाते, २०२४च्या नव्या आवृत्तीत बोनस ॲक्शनवर भागतं. काकांकडे जुनं पुस्तक आणि तुमच्या मोबाइलवर नवं, असंच ना? डीएमने कुठलं तरी एक निवडून तसं जाहीर करावं. मला विचाराल तर नवं, कारण मरायला टेकलेल्या माणसाची अख्खी पाळी घोटभर औषधात जाणं रटाळ आहे.

काकांना गप्प बसवू नका, त्यांना हुद्दा द्या. नियम शोधून सांगण्याचं काम त्यांचं, पण डीएमने विचारल्यावर. शंका आली तर डीएम तिथल्या तिथे निकाल देईल, लढाई पुढे जाईल, आणि पुस्तक निघेल ते चहाच्या वेळी. हे त्यांच्या मुलाने नव्हे, डीएमने सांगावं, ‘काका, मला तुमची मदत लागेल’ अशी सुरुवात करून. आयुष्यभर नियमावल्या हाताळलेल्या माणसाला असं अधिकृत काम आवडतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीत हे रोज बघते.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे. ग्रुपमध्ये एकटीच मुलगी. एक सीनियर त्याच्या बार्डकडून माझ्या पात्राशी सारखी लगट करतो. माझं पात्र नाही म्हणालं की परस्वेजनचा, म्हणजे मन वळवण्याचा, फासा टाकतो. बाकीचे हसतात. डीएम म्हणतो, गेमच तर आहे. मी उगाच मनाला लावून घेतेय का? (नाव नको)

उत्तर : नाही. तू उगाच काही करत नाहीयेस.

फासा पाडून दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला हो म्हणायला लावता येत नाही. तुझ्या पात्राच्या मनात काय आहे ते फक्त तू सांगतेस, आणि हे डीएमला माहीत असायला हवं. पण हा नियमाचा मुद्दा नाहीच. तो पात्राआडून तुझ्याशी बोलतोय आणि तुला ते कळतंय.

अशा वेळेसाठी एक्स-कार्ड नावाची पद्धत आहे. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी ती सुचवली. टेबलाच्या मध्यावर फुली मारलेलं एक कार्ड असतं, कुणीही त्याला हात लावला की चाललेला भाग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. चांगली सोय आहे. पण ‘नाही’ ऐकून हसणारे कार्ड पाहूनही हसतील, म्हणून तेवढ्यावर विसंबू नकोस. डीएमला मेसेज कर, लेखी, दोनच वाक्यं : माझ्या पात्राबरोबर प्रेमाचे सीन नकोत, आणि ते होऊ न देणं तुझं काम आहे. त्याने टाळाटाळ केली तर ऊठ आणि ये निघून, सेशनच्या मध्येही. फासे तेवढे उचलून घे. आणि तो सीनियर टेबलाबाहेरही मागे लागत असेल, तर कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, तिथे जा. एकटीने जायचं नसेल तर मैत्रिणीला घेऊन जा.

खेळ सोडू नकोस. दुसरा ग्रुप शोध, आणि पहिल्या सेशनच्या आधी डीएमला विचार, की तुमच्याकडे सेशन झिरो करता का, म्हणजे काय चालेल आणि काय नाही ते आधी बसून ठरवता का. ‘त्याची काय गरज?’ असं उत्तर आलं तर पुढचा ग्रुप बघ.

प्रश्न : मीच तो त्रास देणारा. ग्रुपने सांगितलं, तू सगळ्यांच्या मध्ये बोलतोस, कुणाला काही करू देत नाहीस. महिनाभर गेलो नाही. परत जायचंय. कसं जाऊ? (एक बार्ड, औंध)

उत्तर : त्यांनी तोंडावर सांगितलं, म्हणजे त्यांना तुम्ही हवे आहात. माफीचं लांबलचक भाषण करू नका, त्यातही पुन्हा तुम्हीच बोलत राहाल. डीएमला आधी फोन करा आणि शनिवारी वेळेवर जा. एखादी युक्ती सुचली की ती ताबडतोब बोलू नका, शीटच्या कोपऱ्यात लिहा. मग टेबलावर जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्या पात्राला तुमच्या बार्डच्या तोंडून विचारा, ‘तू असतास तर या दाराचं काय केलं असतंस?’ आणि तो जे सांगेल ते करा, दार अंगावर कोसळलं तरी.