लोड टेस्टिंगच्या टूलमध्ये कोणती बिल्ट-इन फंक्शन्स घ्यावीत, हे कसे ठरवावे?

तुमच्या गटाने लोड टेस्टिंगसाठी, म्हणजे एकाच वेळी असंख्य वापरकर्ते आले तर सर्व्हर किती ताण सोसतो हे तपासण्यासाठी, स्वतःचे टूल तयार केले आहे, सहकाऱ्यांकडून बिल्ट-इन फंक्शन्सच्या (टूलमध्येच तयार मिळणाऱ्या आज्ञांच्या) मागण्यांची लांबलचक यादी आली आहे आणि त्यांतून निवड कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी अनेक वर्षे जेमीटर या लोड टेस्टिंगच्या टूलवर स्क्रिप्ट्स लिहीत आलो आहे आणि अशाच एका अंतर्गत टूलसाठी आलेल्या मागण्यांची छाननीही केली आहे. मागणी किती जणांची आहे, हे मी दुय्यम मानतो. ते काम वापरकर्त्याने स्वतः लिहिले तर काय बिघडेल, हे आधी पाहावे.

काही माहिती केवळ टूलपाशीच असते. आपण कितव्या थ्रेडमध्ये (एका आभासी वापरकर्त्याचे काम चालवणाऱ्या धाग्यात) आहोत, हे टूलने सांगितल्याखेरीज स्क्रिप्टला कळत नाही. तसेच सर्व थ्रेड्सना मिळून एकच क्रमांक वाढवत न्यायचा असेल, तर दोन थ्रेड्स एकाच क्षणी तो आकडा वाचतात आणि एकच ग्राहक क्रमांक दोनदा पाठवला जातो. जेमीटरमध्ये यासाठी थ्रेडनम आणि काउंटर ही फंक्शन्स आहेत. अशा मागण्या विनाचर्चा स्वीकाराव्यात.

खरा विचार करावा लागतो तो दिसायला सोप्या, पण हमखास चुकणाऱ्या कामांचा, आणि त्यांत तारखेचा क्रमांक पहिला. जेमीटरमध्ये टाइमशिफ्ट आणि रँडमडेट ही फंक्शन्स २०१७ मध्ये ३.३ या आवृत्तीत आली; त्याआधी ‘आजपासून तीस दिवसांनी’ एवढ्यासाठीही आम्ही दर वेळी वेगळी स्क्रिप्ट लिहीत असू, आणि प्रत्येकाची चूक वेगळी असे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत तारीख कशी छापावी हे सांगणाऱ्या नमुन्यात वर्षासाठी स्मॉल ‘वाय’ऐवजी कॅपिटल ‘वाय’ लिहिला गेला, तर ते आठवड्यांनुसार मोजलेले वर्ष ठरते आणि ३१ डिसेंबर २०२४ या तारखेचे वर्ष २०२५ असे छापले जाते. उरलेले वर्षभर बहुतेक दिवस उत्तर बरोबर येत असल्याने ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी अडचण टाइमझोनची. लोड निर्माण करणारी यंत्रे बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असते; त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत चालवलेल्या टेस्टमध्ये ‘आज’ म्हणून कालची तारीख जाते. म्हणून तारखेचे फंक्शन अवश्य द्यावे, पण त्यात टाइमझोन स्पष्टपणे मागावा आणि नेहमीचे नमुने नावाने निवडता यावेत. नमुना लिहिण्याचे काम पुन्हा वापरकर्त्यावरच सोपवले, तर फंक्शन देऊनही ती चूक तशीच राहते.

यादृच्छिक संख्येबाबत एकच आग्रह धरीन: सीड, म्हणजे ज्यावरून पुढचे सारे आकडे ठरतात ती सुरुवातीची संख्या, देण्याची सोय हवी, नाहीतर फसलेली टेस्ट त्याच आकड्यांनिशी पुन्हा चालवता येत नाही.

पॅन किंवा आधार क्रमांक तयार करणारे फंक्शन बहुतेक यादीत असतेच. आधारचा शेवटचा अंक व्हेरहॉफ या तपासणी-अंक काढण्याच्या पद्धतीने काढतात आणि तो हाताने लिहिताना चुकतो, हे खरे. तरीही ही गोष्ट टूलच्या गाभ्यात नसावी. रोबोट फ्रेमवर्क या टेस्टिंगच्या टूलची मांडणी मला इथे योग्य वाटते: त्यातील बिल्टइन लायब्ररी (फंक्शन्सचा संच) आपोआप उपलब्ध असते, तर स्ट्रिंग, कलेक्शन्स, डेटटाइम या लायब्ररी टूलबरोबरच येतात, पण हव्या असतील तेव्हाच मागवाव्या लागतात. तुमचे क्षेत्रविशिष्ट फंक्शन अशाच वेगळ्या लायब्ररीत ठेवावे.

उरलेल्या मागण्यांसाठी स्क्रिप्टिंगची वाट मोकळी ठेवावी, जेमीटरने ३.१ आवृत्तीत ग्रूव्ही या स्क्रिप्टिंग भाषेतील कोड चालवणारे फंक्शन देऊन तेच केले. मात्र हजारो थ्रेड्समध्ये प्रत्येक रिक्वेस्टला स्क्रिप्ट चालली, तर लोड निर्माण करणाऱ्या यंत्राचाच सीपीयू अपुरा पडतो आणि सर्व्हरवर ठरवलेला लोड पोहोचतच नाही. हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा संकेत) काढण्यासारखे काम सर्रास लागत असेल, तर एवढ्या कारणावरूनही ते आत घ्यावे.

नकार देताना संकोच वाटला, तर पायथन भाषेतील युनिटटेस्ट या टेस्टिंगच्या लायब्ररीकडे पाहावे; एकदा दिलेले नाव काढायला किती वर्षे लागतात, हे तिथे दिसते. त्यातील ‘असर्टइक्वल्स’ हे ‘असर्टइक्वल’ या फंक्शनचेच केवळ एक जादा नाव होते, ते ३.२ आवृत्तीत, म्हणजे २०११ मध्ये, वापरू नये असे जाहीर झाले आणि प्रत्यक्षात निघाले ते २०२३ मध्ये, ३.१२ आवृत्तीत. तुमच्या यादीत एकाच कामाची दोन नावे असतील, तर त्यांतील एक आजच खोडावे.