विचारा बाईंना: गुण गेला कुठे?

सहामाही परीक्षा जवळ आली की आपल्याकडे शाळाशाळांतून सामान्यज्ञान स्पर्धांची पत्रकं फिरू लागतात आणि माझ्या टेबलावर पत्रं साचतात. यंदा निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार आहे: ‘आमचं उत्तर बरोबर होतं, तरी गुण गेला.’ मी आयुष्यभर भूगोल शिकवला, शाळेचे संघ तयार केले. बझरवर बोट ठेवून बसलेल्या मुलाचा गुण असा गेला की ते त्याला किती लागतं हे मला माहीत आहे. म्हणून या वेळी तीच पत्रं आधी घेते.

बाई, मी नववीत आहे. तालुक्याच्या स्पर्धेत ‘हेलियमचा शोध कुठे लागला?’ असं विचारलं. मी ‘विजयदुर्ग’ सांगितलं. परीक्षकांनी ‘गुंटूर’ म्हणणाऱ्या संघाला गुण दिला. आमच्या गावात लहानथोर सगळे विजयदुर्गच म्हणतात. मग आमचं चुकलं कसं?
— विद्यार्थिनी, देवगड तालुका

बाळ, तुझं उत्तर बरोबर नव्हतं. पण तो प्रश्नही धड नव्हता, आणि तुला राग आला तो रास्तच आहे. काय घडलं ते क्रमाने बघ.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. चंद्राची सावली आपल्या देशावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली. पिएर जान्सेन नावाचे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ त्यासाठी आंध्रातल्या गुंटूरला येऊन थांबले होते. सूर्य पुरता झाकला गेला की त्याच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात. त्यांचा प्रकाश जान्सेन यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, पाहिला, तर रंगांच्या ठळक रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्याच दिवशी उघड्या सूर्याकडे वर्णपटदर्शक लावून त्यांनी ते करून दाखवलं. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनीही २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहणाशिवाय आणि स्वतंत्रपणे, हेच साधलं.

त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. चुलीच्या जाळात मिठाची चिमूट टाकलीस की ज्वाळ पिवळीधमक होते. ती मिठातल्या सोडियमची खूण. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात. सूर्यातली ही रेषा मात्र ५८७.६ वर होती, म्हणजे शेजारी, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, तेव्हा हे नवंच मूलद्रव्य असावं असं लॉकयर यांनी मांडलं. तेच हेलियम. पुष्कळांना ते पटलं नव्हतं. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी लंडनमध्ये युरेनियमच्या एका खनिजातून वायू मिळवला, त्यात तीच रेषा सापडली आणि वाद मिटला.

आता विजयदुर्ग. १८६८ साली लॉकयर विजयदुर्गावर नव्हते, इंग्लंडात होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश नौदलाच्या ‘मेलपोमिनी’ जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते, आणि किल्ल्यावरून केलेल्या त्या निरीक्षणांचा अहवाल प्रसिद्ध झालेला आहे. किल्ल्यात आपण ज्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतो, ते याच साहेबाच्या नावाने ओळखले जातात. म्हणजे लॉकयर आणि विजयदुर्ग हे नातं पक्कं, फक्त त्याला तीस वर्षं आधीची तारीख चिकटली आहे. १८ ऑगस्टला गडावर हेलियमचा दिवस साजरा होतो, तो जरूर होऊ दे. मुलांना त्या दिवशी वर्णपट दाखवा, आणि १८९८ ची गोष्टही सांगा. ती आपल्या हक्काची आहे.

परीक्षकांना माझं सांगणं असं, की ‘शोध कुठे लागला’ असं विचारूच नये. रेषा गुंटूरला दिसल्या, नवं मूलद्रव्य इंग्लंडात ओळखलं गेलं, वायू लंडनमध्ये हाती आला. यातलं नेमकं काय हवंय? ‘१८६८ चं ग्रहण जान्सेन यांनी भारतातल्या कोणत्या गावाहून पाहिलं?’ किंवा ‘१८९८ चं ग्रहण पाहायला लॉकयर कोकणातल्या कोणत्या किल्ल्यावर आले?’ असे प्रश्न विचारा, म्हणजे कुणाचं पत्र यायला नको.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी आमच्या मुलांनी ७२० किलोमीटर सांगितली. दुसऱ्या शाळेने ६५२ म्हटलं आणि तिसरीने ८७७. तिन्ही संघांकडे छापील पुरावा होता. शेवटी प्रश्न रद्द झाला. मुलांना शिकवायचं काय?
— शिक्षक, गुहागर

सर, प्रश्न रद्द झाला याचं मला वाईट वाटलं, कारण वर्गात तास-दोन तास रंगावेत असा हा विषय आहे.

७२० हा आकडा आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांतला, आपण सगळे तोच घोकून मोठे झालो. केंद्राच्या जुन्या यादीत महाराष्ट्राला ६५२.६ किलोमीटर होते आणि देशाचा किनारा ७,५१६.६. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात नव्या मोजणीचे आकडे आले: देश ११,०९८.८१ आणि महाराष्ट्र ८७७.९७. पहिला नंबर आधीही गुजरातचा होता, आताही आहे, फक्त १,२१४.७ चे २,३४०.६२ झाले.

समुद्राने जमीन खाल्ली की वाढवली, असं मुलं लगेच विचारतात. तसं काही नाही. सत्तरच्या दशकातली मोजणी ज्या नकाशावर झाली, त्यात एका सेंटिमीटरात ४५ किलोमीटर मावत होते. नव्या मोजणीत अडीच. मी वर्गात हे दोऱ्याने करून घेते. शिवणाचा दोरा ओला करायचा आणि भिंतीवरचा भारताचा नकाशा टेबलावर पसरून त्याच्या किनाऱ्यावर बसवायचा. रत्नागिरी जिल्ह्यात दोरा जवळजवळ सरळ उतरतो, दाभोळच्या खाडीचं तोंड त्याला जाणवतसुद्धा नाही. मग तालुक्याचा मोठा नकाशा घ्यायचा. आता दोरा दाभोळला आत वळतो, वाशिष्ठीच्या काठाने जातो, पलीकडच्या काठाने परत येतो. प्रत्येक खाजण आणि प्रत्येक खडपाचं नाक दोऱ्याचा थोडा थोडा तुकडा मागतं. तो दोरा ताणून मोजला की मुलं आपणहून म्हणतात, ‘बाई, खाड्यांमुळे वाढला!’

तिथेच खाड्यांचीही उजळणी करून घ्या: सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, मुचकुंदीची पूर्णगड, वाघोटणची विजयदुर्ग. जोड्या जुळवायला याहून सुरेख यादी नाही.

स्पर्धेत उत्तर देताना मुलांनी आधी विचारावं, ‘कोणत्या मोजणीनुसार?’ असं विचारायची मुभा नियमांत असलीच पाहिजे. आणि आकड्याचा प्रश्न काढणाऱ्याने वर्ष लिहिलंच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

‘देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा करबुडे’ हे बरोबर ना? आमच्या गाईडमध्ये आहे.
— विद्यार्थी, संगमेश्वर

एके काळी बरोबर होतं. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधला करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हा तो देशात पहिला होता. २०१३ मध्ये काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा सुरू झाला, तो ११ किलोमीटरहून लांब. पुढे त्याच मार्गावर त्याहूनही लांब बोगदा झाला. तुझ्या गाईडची आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते पहिल्या पानावर बघ.

राज्यमासा आणि राज्याचं कांदळवन वृक्ष कोणते?
— विद्यार्थी, अलिबाग

चंदेरी पापलेट, सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं. हलव्याला इंग्रजीतून ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ म्हणतात म्हणून गोंधळू नकोस, त्याचं कूळच वेगळं. आणि कांदळवन वृक्ष पांढरी चिप्पी, २०२० पासून. ओहोटीला खाडीकाठी जाऊन बघ, चिखलातून वर आलेली टोकदार श्वासमुळं दिसतील. तिची पांढऱ्या केसरांची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे दिवसा बघणाऱ्याला खाली पडलेले केसरच सापडतात.

माझ्या मुलीला पाठांतर जमत नाही. वाचलेलं आठवडाभर टिकत नाही. तिला स्पर्धेला बसवू की नको?
— एक आई, दापोली

ताई, बसवाच. आणि गाईड तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही दापोलीच्या, तुमच्या तालुक्यातच केवढं आहे! पालगडला साने गुरुजींचा जन्म, १८९९. मुरूड महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. एखाद्या रविवारी लेकीला मुरूडला घेऊन जा आणि तिथेच सांगा की कर्वे वाढले इथे, पण जन्मले खेड तालुक्यातल्या शेरवलीला, १८ एप्रिल १८५८ ला. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळालं. जन्मगाव की मूळ गाव, यावर परीक्षक हमखास अडकवतात. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, जन्म मात्र मध्य प्रदेशातल्या महूचा. पायाखालून गेलेलं गाव मुलं विसरत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. एका वेळी एकच ठिकाण घ्या, आणि घरी आल्यावर तिला प्रश्न विचारू नका. तिलाच तुम्हाला प्रश्न विचारायला सांगा.

शाळेने आम्हाला स्वतः एक प्रश्न तयार करायला सांगितलाय. सोपा नको, पण कुणाला न सुटणाराही नको. सुचवाल का?
— आठवीतले दोघे मित्र, रत्नागिरी

तुमच्या शहरातच आहे की! ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याला पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये थिबा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. आता उलटी बाजू बघा. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर, त्याला इंग्रजांनी ब्रह्मदेशात पाठवलं आणि १८६२ मध्ये तो रंगूनला वारला. प्रश्न असा करा: ‘भारताचा शेवटचा मुघल बादशहा ज्या देशात हद्दपारीत मरण पावला, त्याच देशाचा शेवटचा राजा महाराष्ट्रातल्या कोणत्या शहरात हद्दपारीत मरण पावला?’ यात अर्धा धागा इतिहासाच्या पुस्तकातून मिळतो आणि अर्धा तुमच्या गावातून. दोन्ही इसवी सनं उत्तरपत्रिकेत लिहा.

आता या वेळचा माझा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. यातले कोकणातले किती आणि महाराष्ट्राबाहेरचा कोणता? प्रतापगड कोणत्या जिल्ह्यात येतो ते नकाशावर पाहूनच उत्तर द्या. पत्रात इयत्ता, गाव आणि माहिती कुठून घेतली ते लिहा. पुस्तक असेल तर त्याच्या आवृत्तीचं वर्षही हवं.