आइसलँडचे लोक फक्त नॉर्वेच्या व्हायकिंगांचे वंशज आहेत का?

नाही, ही अर्धीच बाजू झाली. इ.स. ८७०च्या सुमारास तिथे वस्ती सुरू झाली ती मुख्यतः नॉर्वेहून, पण बरीच जहाजं आयर्लंड, स्कॉटलंड आणि हेब्रिडीज बेटांवरूनही आली. आजच्या आइसलँडकरांच्या डीएनएत ते दिसतं: बापाकडून आलेला वारसा सुमारे तीन चतुर्थांश नॉर्स (म्हणजे व्हायकिंग काळातल्या स्कँडिनेव्हियन लोकांचा), तर आईकडून आलेला निम्म्याहून जास्त ब्रिटिश बेटांवरचा. यातल्या कित्येक बायका गुलाम म्हणून पळवून आणलेल्या होत्या, हे विसरता कामा नये.

सगळ्याच मात्र तशा नव्हत्या. जुन्या आइसलँडिक नोंदींमधली ऑड नावाची बाई मला फार मोठी वाटते. डब्लिनच्या नॉर्स राजाची ही विधवा. मुलगा स्कॉटलंडमध्ये मारला गेल्यावर तिने तिथल्याच उत्तरेकडच्या केथनेसच्या जंगलात गुपचूप जहाज बांधून घेतलं. वाटेत ऑर्कनी आणि फॅरो बेटांवर नातींची लग्नं लावली आणि आइसलँडच्या पश्चिमेला जमीन धरली. गुलामांना मुक्त करून त्यांनाही जमिनी दिल्या. ती ख्रिस्ती होती, प्रार्थनेसाठी तिने टेकड्यांवर क्रूस उभारले. पुढे तिच्याच वंशजांनी त्या टेकड्या पवित्र मानून तिथे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या पद्धतीने बळी द्यायला सुरुवात केली.