पॉलीऑक्सोमेटॅलेट वापरून गॅस सेन्सर बनवता येतो का, की टिन ऑक्साइडच बरा?

बनवता येतो, पण नुसत्या पॉलीऑक्सोमेटॅलेटचा (धातू आणि ऑक्सिजनच्या अणूंच्या ठरावीक रचनेच्या समूहांचा) थर देण्यापेक्षा ते टिन ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडमध्ये थोडंसं मिसळलं तर जास्त फायदा होतो. टिन ऑक्साइडचा सेन्सर साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेव्हा हवेतला ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो, इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि सेन्सरचा विद्युत रोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा अल्कोहोलची वाफ आली की ती या ऑक्सिजनशी अभिक्रिया करते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध झपकन उतरतो. हा फरक म्हणजेच सिग्नल. फॉस्फोटंगस्टिक आम्ल हे असंच एक पॉलीऑक्सोमेटॅलेट. त्याचा समूह (एका फॉस्फरसभोवती 12 टंगस्टन आणि 40 ऑक्सिजन अणू, आकार जेमतेम 1 नॅनोमीटर) स्वतःची रचना न मोडता इलेक्ट्रॉन घेतो आणि परतही देतो, म्हणून ही देवाणघेवाण सुधारते. ही रचना मला फार सुंदर वाटते. खरी अडचण पाण्याची. हे आम्ल पाण्यात सहज विरघळतं, शिवाय खोलीच्या तापमानाला ओलाव्यात प्रोटॉनमुळेही वीज वाहते, मग रीडिंग गॅसचं की दमटपणाचं तेच कळत नाही. त्यामुळे फक्त कोरड्या हवेतल्या चाचणीवर विसंबू नका, वेगवेगळ्या आर्द्रतेलाही रीडिंग घ्या.