"रात्री सावली कुठे जाते?" असं विचारणाऱ्या मुलीला काय दाखवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेचार वर्षांची, घर गोव्यात फोंड्याकडे, अंगणात ती स्वतःच्याच सावलीवर पाय द्यायला धावते आणि "रात्री सावली कुठे जाते?" म्हणून विचारते. तिला हे कसं समजवायचं?

समजवायची घाई नको, असं मी म्हणेन. या वयात सावली ही एक वस्तूच वाटते: आपल्यातून निघते, मागे लागते, अंधार पडला की लपून बसते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांना सावलीबद्दल असेच प्रश्न विचारले होते. अडलेल्या उजेडाचा हिशेब मुलांना साधारण आठ-नऊ वर्षांची झाल्यावर लागतो, असं त्यांना दिसलं. "उजेड अडला की सावली पडते" हे वाक्य तुमची मुलगी आजच पाठ करील, पण मनातली सावली होती तशीच राहील. त्यापेक्षा टॉर्च काढा.

टॉर्च एकाच दिव्याचा हवा. सात-आठ बारीक एलईडीवाल्या टॉर्चने सावलीला तितक्याच कडा येतात आणि मूल गोंधळतं. मोबाईलचा फ्लॅश चालतो. काहींत दोन दिवे असतात, तेव्हा आधी बोट धरून बघा. भिंत पांढरी, शेजारच्या खोलीतली ट्यूबही बंद. टॉर्च भिंतीपासून दीड मीटरवर स्टुलावर ठेवून द्या, मुलीच्या हातात नको. टॉर्च आणि खेळणं दोन्ही एकदम हलली तर कशामुळे काय बदललं ते कळत नाही. आता खेळणं टॉर्चपासून ७५ सेंटिमीटरवर ठेवलं तर सावली दुप्पट होते, ५० वर तिप्पट, आणि भिंतीजवळ नेलं तर जवळपास खेळण्याएवढीच. मोजायला तिची वीत पुरे. पण प्रत्येक वेळी हलवायच्या आधी विचारा, "आता कुठे पडेल? मोठी की लहान?" आणि तिला भिंतीवर बोट ठेवायला लावा. बोट चुकीच्या जागी पडलं की ती स्वतःच पुन्हा करून बघते. तुम्ही दुरुस्त करायला गेलात तर खेळ तिथेच संपला.

यानंतरची गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. मोठ्यांनासुद्धा सावली भिंतीवरचा काळा डाग वाटते. खेळणं आणि भिंत यांच्यामधली सगळी जागाच काळोखी असते, हे दाखवायला एक पिवळं लिंबू घ्या. बाजूने, उजेडातून, हळूहळू त्या मधल्या हवेत सरकवा. एका ठिकाणी लिंबाची अर्धी बाजू काळवंडते, मग सगळंच. तिथे दिसायला काहीच नसतं, तरी लिंबू विझतं! खेळणं लिंबाहून बरंच मोठं हवं, तांब्या किंवा डबा असला तर उत्तम, नाहीतर लिंबू पूर्ण झाकलं जात नाही.

हे चार-पाच वेळा झालं की रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. सोललेला नारळ घ्या, शेंडी वर. पोटावर खडूने ठिपका काढा: हे आपलं घर. एका बाजूने टॉर्च लावा आणि नारळ वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. ठिपका फिरत फिरत नारळाच्या मागच्या काळोखात शिरतो. रात्री आपण सगळेच पृथ्वीच्या सावलीत असतो, तिची छोटी सावली त्या मोठ्या सावलीत बुडालेली असते. एवढंच सांगा. कलता आस वगैरे पुढच्या इयत्तांवर सोडा.

दिवसाचं काम तुळशीवृंदावनाने होतं. सकाळी नऊच्या सुमारास त्याच्या सावलीच्या टोकाशी खडूची रेघ मारा आणि पंधरा मिनिटांनी परत या. डिसेंबरात मीटरभर उंच वृंदावनाच्या सावलीचं टोक तेवढ्यात वीतभर सरकलेलं असतं. दुपारी तेवढ्यालाच पाऊण तास लागतो, म्हणून लहान मुलाबरोबर सकाळच बरी. तुळशीच्या पानांची कडा धूसर येते, तेव्हा खूण कठड्याच्या कोपऱ्यावरून करा.

उन्हात एक फजिती ठरलेली. टॉर्चसमोर मोठा झालेला हात ती उन्हात उंच करून बघते, आणि सावली काही मोठी होत नाही. सूर्य इतका लांब आहे की हातभर वर-खाली केल्याने फरक पडत नाही. कडा मात्र विरते. सूर्य हा ठिपका नसून आकाशात अर्धा अंश रुंदीची थाळी आहे, त्यामुळे वस्तू जमिनीपासून जितकी वर, त्याच्या साधारण १०८ व्या भागाएवढी सावलीची कडा धूसर. हात मीटरभर वर असेल तर नऊ मिलिमीटर, पंधरा मीटर उंच माडाच्या चुडताची कडा चौदा सेंटिमीटर. म्हणून माडाखालची सावली हलत्या पाण्यासारखी दिसते आणि खांबावरच्या विजेच्या तारेची सावली शोधावी लागते.

याच हिशेबाचे भाऊबंद म्हणजे कवडसे. कौलांच्या फटी वाकड्यातिकड्या, पण जमिनीवर पडतात ती गोल नाणी, कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. पुठ्ठ्याला चार मिलिमीटरचं त्रिकोणी भोक पाडा. जमिनीपासून चार बोटांवर धरलं तर उन्हाचा त्रिकोण पडतो. दोन मीटर वर नेलं, म्हणजे खुर्चीवर चढून तुम्हीच धरायचं, की जेमतेम दोन सेंटिमीटरचा गोल होतो. भोक मोठं केलं तर त्रिकोण त्रिकोणच राहतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी गोव्यात खंडग्रास ग्रहण होतं, तेव्हा असे कवडसे कोरीच्या आकाराचे पडत होते. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, पाठ सूर्याकडे आणि डोळे जमिनीकडे. लेझर तर या खेळात नकोच.

पावसाळ्यात ऊन नसतं, पण घरात ट्यूब आहे. चार फुटी ट्यूबखाली टेबलापासून वीतभर वर पेन्सिल ट्यूबला समांतर धरा: सावली रेखीव. तीच आडवी फिरवा: जवळजवळ गायब. गणेशचवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेली चौकट) समईच्या पाचही वाती पेटवल्यावर भिंतीवरच्या सावलीला किती कडा येतात ते तिला मोजू दे, समईपासून मात्र दोन हात लांबून.

आणि मे महिन्याच्या २-३ तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, त्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुसरी संधी १० ऑगस्टच्या आसपास, पण ती बहुधा ढगांत जाते. लोक बारा वाजता बाहेर येऊन कंटाळून परत जातात. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह मेच्या त्या दिवसांत १२:३१ च्या आगेमागे होते. सव्वाबारालाच सपाट फरशीवर स्टीलचा पेला उपडा न ठेवता सरळ ठेवा. वरची कडा रुंद असल्यामुळे बुडाभोवती सारख्या रुंदीचं काळं कडं उरलं की वेळ झाली. पाणसळ नसेल तर फरशीवर गोटी ठेवा. ती घरंगळली तर जागा बदला. टोपी घाला, दहा मिनिटांवर उन्हात थांबू नका.