सोसायटीच्या सभेचं रेकॉर्डिंग मजकुरात उतरवायचंय?

ठाण्यातल्या वर्दळीच्या घोडबंदर रोडलगतच्या सभागृहात रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी खिडक्या आणि पंखे बंद करा. अर्धं काम तिथेच होतं. फोनखाली घडी केलेला रुमाल घाला, नाहीतर टेबलावरचा प्रत्येक ठोका आवाजावर बसतो. बोलणाऱ्यापासून हातभर अंतर पुरे.

जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डचा माइक समोर चाललेलं बोलणं टिपतो, त्याला साठवलेली फाइल देता येत नाही. फाइलसाठी व्हिस्पर हे आवाज मजकुरात उतरवणारं ओपनएआयचं सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे, मराठीही जाणतं, पण भाषा स्वतः निवडा. आपोआप ओळखायला सोडलंत तर ते मराठीला हिंदी समजू शकतं आणि मग सगळाच मजकूर बिघडतो. ते आवाज 30 सेकंदांच्या तुकड्यांत वाचतं. लांब शांतता आली की कुणी न बोललेलं वाक्य लिहून टाकतं किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा छापतं, म्हणून रिकामे भाग आधी कापा. व्हिस्परची लहान-मोठी मॉडेल्स मिळतात. मराठीसाठी लहान मॉडेल नकोच, 'लार्ज' हे मोठं वापरा. फोनला ते जड जातं, लॅपटॉपवर चालवा.

नावं, फ्लॅट नंबर आणि 'दीड', 'अडीच' असलेल्या रकमा मूळ आवाज ऐकूनच इतिवृत्तात घ्या.