घातक कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या चिमणीतला पांढरा धूर विषारी असतो का?

तुम्ही विचारलंय की तळोज्याकडून जाताना चिमणीतून पांढरे लोट दिसतात, ते विषारी आहेत का आणि यातलं विष रोखतात कसं.

अशा भट्टीवर मी सात वर्षं शिफ्ट केली आहे. पांढरा लोट बहुतेक वेळा वाफच असतो. वायू शेवटी स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुण्याच्या टाकीत, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतात, त्यामुळे ते ओले बाहेर पडतात. थोडं पुढे जाऊन लोट हवेत विरला, तर ती वाफ. पण निळसर-करडी शेपटी लांबवर तरंगत राहिली, तर तक्रार जरूर करा.

खरी भीती न दिसणाऱ्या डायॉक्सिनची, म्हणजे क्लोरीन असलेला कचरा जळताना तयार होणाऱ्या अतिविषारी संयुगांची. कचरा पहिल्या चेंबरमध्ये जळतो; त्यातून निघालेला वायू पुन्हा जाळणाऱ्या दुसऱ्या चेंबरमध्ये सुमारे ११०० अंशांवर वायू किमान दोन सेकंद राहिला की ते मोडतं. पण वायू थंड होताना, साधारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात, राखेतलं तांबं आणि क्लोरीन यांच्या संगतीने ते पुन्हा तयार होतं. म्हणून हा टप्पा पाणी फवारून झटक्यात ओलांडावा लागतो. मग चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड सोडतात, आणि विष चिकटलेली ती पूड बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी, अडवतो. २००८ च्या नियमांनुसार मर्यादा आहे घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा अब्जावा भाग.

एका रात्री फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक अचानक उतरला, म्हणजे वायूला कुठेतरी न गाळता वाट मिळाली होती. भट्टी थांबवून, फिल्टर निवल्यावर वरचं झाकण उघडून टॉर्च मारली. ती स्वच्छ हवेची बाजू, तिथे कण दिसता कामा नये. एका पिशवीच्या तोंडाभोवती काळ्या भुकटीचं कडं होतं. शेकडो पिशव्यांतली ती एकच फाटलेली होती.

तरीही माझ्या मते निम्मं काम भट्टीच्या आधीच होतं. सॉल्व्हंटचा गाळ भरलेला ड्रम एकदम आत गेला की ऑक्सिजन पुरत नाही, कार्बन मोनॉक्साइड उसळतो. म्हणून कुठल्या ड्रममध्ये क्लोरीन किती आणि उष्णता किती, हे लॅबमध्ये तपासून कचरा मिसळून थोडाथोडा द्यावा लागतो. तापमान घसरलं की इंटरलॉकने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेने, फीड (भट्टीत कचरा सोडणं) बंद व्हायला हवं. तो इंटरलॉक बायपास करून भट्टी रेटलेली मी एका ठिकाणी पाहिली आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

वीज गेली किंवा आयडी फॅन (वायू चिमणीकडे ओढणारा पंखा) बंद पडला की दुसऱ्या चेंबरवरचं आपत्कालीन झाकण उघडतं आणि वायू न धुता थेट बाहेर जातो. चिमणीवरच्या ऑनलाइन मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. डायॉक्सिन तर मीटरवर दिसतच नाही. त्यासाठी चिमणीवर चढून कित्येक तास नमुना घ्यावा लागतो आणि तो लॅबला पाठवावा लागतो.

त्यामुळे माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तीन गोष्टी मागा: वर्षभरात ते झाकण किती वेळा उघडलं, फीड किती वेळा आपोआप थांबलं, आणि डायॉक्सिनचा नमुना घेतला त्या दिवशी भट्टीत कुठला कचरा चालू होता.